गर्दीताईची साक्ष

खुर्च्या मांडून झाल्यावर गर्दीताईने मनातल्या मनात पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली. सुनेला पालिकेच्या पाळणाघरात कायमची नोकरी. म्हणजे सुनेचं तोंड बंद, मुलाची चिडचिड बंद, आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला नको. बदल्यात काय, तर तासभर बायका बसवायच्या. जन्मभर दुसरं केलं काय होतं?

तिचं खरं नाव कोणी विचारत नसे. सभा कोणाचीही असो, बायका हव्या असल्या की गर्दीताईला निरोप जायचा. भांडी घासणारी, केस विंचरणारी, जी सापडेल ती उठवून ती आणायची. पण खरी कला बसवण्यात होती. हसऱ्या चेहऱ्याच्या बायका पुढे, जांभया देणाऱ्या खांबाआड, आणि जिला हवं तेव्हा रडता येतं ती थेट कॅमेऱ्यासमोर. स्वतः ती कडेला उभी राहायची. तिने रुमाल वर केला की घोषणा, खाली आणला की टाळ्या. अडलं तर माझ्याकडे बघा, एवढीच शिकवण.

"ताई, आज रडायचंय का?" पुढच्या रांगेतल्या फुलवालीने विचारलं. "नाही, मी आपलं काजळ घालून आलेय."

"आज रडायचं नाही. चिडायचं."

"कोणावर?"

"साहेबांची बदनामी करणाऱ्यांवर."

"म्हणजे त्या पोरीवरच ना?"

"तू आपली काजळाकडे बघ."

ती पोर म्हणजे गर्दीताईच्या शेजारच्या शिवणवालीची मुलगी. साहेबांच्या कचेरीत फोन घ्यायच्या कामाला तिला लावलं गर्दीताईनेच. मागच्या आठवड्यात पोरीने पोलिसांत जाऊन साहेबांचं नाव घेतलं, आणि गावाला विषय मिळाला. यापूर्वी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यावर असाच आरोप झाला होता. तेव्हा "पोरी खोटं कशाला बोलतील?" म्हणणारे आता टपरीवर बसून "इतके दिवस गप्प का बसली?" असं विचारत होते. तेव्हा "पैसे खाल्ले असतील" म्हणणाऱ्यांना आता लेकीबाळींच्या काळजीने झोप लागत नव्हती. मतं जुनीच होती, लोकांनी फक्त आपसांत अदलाबदल करून घेतली होती. त्या खेपेलाही याच सभागृहात, याच बायका गर्दीताईनेच बसवल्या होत्या. पोरीच्या बाजूने.

आदल्या संध्याकाळी शिवणवाली तिच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आत ये की गं."

"नको. एकच काम आहे, ताई. त्या दिवशी चप्पल तू आणून दिलीस. तेवढं पोलिसांना सांग."

गर्दीताईने मान फिरवली. त्या दुपारी ती कचेरीत सुनेचा अर्ज घेऊन बसली होती. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली, एकाच पायात चप्पल. भिंतीला टेकून म्हणाली, "मावशी, माझी दुसरी चप्पल आणून द्याल? मला नाही जायचं आत." गर्दीताई गेली. साहेब फोनवर बोलत होते. चप्पल त्यांच्या कोचाखाली होती. ती वाकली तेव्हा साहेबांनी बोलणं न थांबवता पाय तेवढा वर उचलला.

"आत काय झालं ते मी कुठे पाहिलं?" ती म्हणाली.

"पाहिलं म्हणून सांग असं कोण म्हणतंय? चप्पल आणलीस, एवढंच सांग."

"अगं, सुनेच्या कामाचं आता कुठे जमत आलंय."

"ठाऊक आहे मला. तिकडे पोरीला जो तो विचारतोय, कोणी होतं का तिथे? ती तुझं नाव घेत नाही. म्हणते, मावशींना अडचण होईल."

एवढं शेवटचं वाक्य शिवणवालीने घरीच ठेवून यायला हवं होतं. त्याने गर्दीताईची झोप गेली.

आता साहेब आले, शेजारी पत्नी, मागे पीए. समोर बसलेल्या सगळ्या आपल्या बहिणीच आहेत, असं साहेब म्हणाले. पीएने खूण केली. गर्दीताईचा रुमाल वर गेला.

'बदनामीचा निषेध असो' अशी घोषणा ठरली होती. पण तिसऱ्या रांगेत एक म्हातारी होती. सभागृह ओळखीचं, खुर्ची ओळखीची, रुमालही ओळखीचा. तिने मूठ वळली आणि मागच्या खेपेची घोषणा खणखणीत ठोकली, "लेकीला न्याय..."

"मिळालाच पाहिजे!" निम्म्या बायका सवयीने ओरडल्या.

पत्रकार खो खो हसले. त्यांच्यातली एक मुलगी मात्र हसली नाही. "कोणत्या लेकीला, आजी? तुमच्यापैकी कोणी ओळखतं का तिला?"

म्हातारी भांबावली. मग सगळ्या बायकांनी शिकवल्याप्रमाणे केलं. एकदम माना वळवून गर्दीताईकडे पाहिलं. पाठोपाठ कॅमेरे वळले.

"बोला ना, ताई," साहेब हसून म्हणाले. "आपल्याच घरात आहात."

चप्पल अगदी ओठांवर आली होती.

"मुलगी चांगली आहे," गर्दीताई म्हणाली.

पीए तिच्याकडे टक लावून बघत होता.

"साहेबपण चांगले आहेत."

"मग खोटं कोण बोलतंय?" पत्रकार मुलीने विचारलं.

गर्दीताईने रुमाल खाली आणला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी एका वाहिनीने पहिलं वाक्य दाखवलं, दुसरीने दुसरं. मोबाइलवर दोन्ही फिरली, खाली हसून लोळणारे चेहरे लावून. पीएने निरोप धाडला, पाळणाघराचं तूर्त विसरा.

मग गर्दीताई पोलिसांत गेली. कोणी बोलावलं नव्हतं. कोच, चप्पल, उचललेला पाय, सगळं सांगितलं. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून फोन काढला आणि तिचंच तोंड तिच्यासमोर धरलं. "साहेबपण चांगले आहेत."

"काय हो मावशी," तो म्हणाला, "नोकरी हुकली वाटतं?"

त्याने काहीच लिहून घेतलं नाही.

शिवणवालीकडची गिऱ्हाइकं एकेक करून आली आणि न कापलेली कापडं परत घेऊन गेली. कोणी भांडलं नाही. "घाई नाही, नंतर बघू," एवढंच म्हणाली. महिना संपायच्या आत मायलेकींनी सामान टेम्पोत चढवलं. गल्लीभर बायका दारांत उभ्या होत्या. गर्दीताईने न बोलावता जमलेली ही पहिलीच गर्दी. ती पुढे झाली आणि शिलाई मशीनला दुसऱ्या बाजूने हात लावला. शिवणवालीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण हातही काढायला सांगितला नाही. मशीन जड होतं. दोघींनी ते वर ठेवलं.

"येते, मावशी," मुलगी म्हणाली.



हिशेब मांडायचाच तर साहेब पुन्हा निवडून आले. विरोधकांना आठवडाभर तोंडी लावायला विषय झाला. पाळणाघरात पीएची मेहुणी लागली. बाकी जे काही देणं निघालं, ते तीन बायकांनी भरलं. त्यातल्या दोघींनी काही घेतलंसुद्धा नव्हतं.