फिरकीचा तांब्या

तळोज्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. वॉशर, गॅस्केट, ऑइल सील, सगळं माझ्या हाताखालून गेलं. कुठून काय गळतं आणि का गळतं, हे विचारायला इंजिनिअर माझ्या टेबलाशी येत. अशा माणसाला निवृत्तीनंतर एका डब्याने तीनदा हरवलं, हे मी सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो, कारण आता त्याचा राग उरलेला नाही.

डबा माझ्या मुलीचा, समृद्धीचा. तिला एका खेळाचा नाद होता. रानात, डोंगरावर कुठेतरी एक डबा लपवायचा, त्यात एक वही आणि चार किरकोळ वस्तू ठेवायच्या, आणि ती जागा अक्षांश-रेखांशासकट खेळाच्या वेबसाइटवर टाकायची. मग ओळख ना पाळख अशी माणसं हातात जीपीएस घेऊन तो डबा शोधत यायची. सापडला की वहीत सही करायची, एक वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथे परत. बक्षीस काही नाही. मी म्हणायचो, हे विकतचं दुखणं आहे. ती म्हणायची, बाबा, एकदा येऊन तर बघा. मी कधी गेलो नाही.

२००९मध्ये तिला कॅनडात नोकरी लागली. मी नको म्हणालो. एकदा नाही, रोज म्हणालो. खरं कारण एकच होतं, घर रिकामं होईल. ते सोडून बाकीची दहा कारणं मी तिला ऐकवली. ती गेली. माझी बायको शशिकला तिला सोडायला विमानतळावर गेली आणि मी नळ बिघडलाय असं सांगून बाथरूममध्ये पाना घेऊन बसलो. नळ चांगला होता.

जायच्या आदल्या आठवड्यात समृद्धीने पनवेलजवळ, नेरे गावाच्या पुढे, गाढी नदीच्या वरच्या अंगाला, एका टेकडीवर खडकाच्या कपारीत आपला डबा लपवला होता. पुढे सात महिने ती फोनवर आईशी बोलायची आणि मी पेपर वाचायचो. एका रविवारी शशिकला खाली भाजी आणायला गेली असताना फोन वाजला, आणि तो मला उचलावा लागला. आई खाली गेलीये, एवढंच मी सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, एक काम होतं. माझ्या डब्यात पाणी शिरलंय असं कुणीतरी लिहिलंय. बघता का?"

काम म्हटल्यावर मी नाही म्हणत नाही.

तिचा मूळ डबा आइस्क्रीमचा होता. उन्हाने त्याचं झाकण पापडासारखं तडकलं होतं. मी फरसाणाचा पत्र्याचा डबा रंगवून ठेवला, तो गणपती येईपर्यंत बुडातून गंजला. मग पनवेलच्या बाजारातून चारी बाजूंनी क्लिपा लागणारा, रबराची रिंग असलेला प्लास्टिकचा आणला, तर माकडांनी त्याच्या दोन क्लिपा दातांनी उपटल्या. पण दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "डबा कसा आहे?" मी रिपोर्ट द्यायचो. रिपोर्ट झाला की ती माझे गुडघे विचारायची, मी तिच्याकडचा बर्फ विचारायचो. डब्याशिवाय आम्हाला एकमेकांशी सुरुवातच करता येत नव्हती.

२०११च्या सप्टेंबरअखेरीस वेबसाइटवाल्यांनी नोटीस दिली. वही तीनदा ओली सापडली होती. महिनाभरात नीट डबा ठेवा, नाहीतर ही जागा यादीतून काढू. समृद्धीने ती मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "जाऊ दे बाबा. किती चढउतार करणार तुम्ही. काढूनच टाकू या."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. डबा गेला तर रविवारी ती मला काय विचारणार, आणि मी काय सांगणार?

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा," शशिकला म्हणाली. "डबा कशाला हवा? सरळ बोला की पोरीशी."

सरळ बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी नळ खोलला नसता. मी सात डबे जमवले. औषधांचे, प्रोटीन पावडरीचे, एक तर लोणच्याच्या कारखान्यातून मागून आणलेला. प्रत्येकात टीपकागद ठेवला, झाकणं आवळली आणि गॅलरीतल्या टबात दगडाखाली बुडवून ठेवले. गंगाबाई तेवढ्यात आली. ती करंजा बंदरावरून मासळी घेऊन येते, वीस वर्षं आमच्या दाराशी पाटी उतरवते आणि वीस वर्षं मी तिच्याशी भावावरून भांडतो.

"काय रं बाबा, डब्यांना आंघोल घालतंस?" ती म्हणाली.

शशिकलाने तिला सगळं सांगितलं. गंगाबाईने एक डबा उचलून झाकण फिरवून बघितलं. "कागदानं काय कलनार? मीठ घाल. आमचा म्हातारा होरीवरचा काडेपेटीचा डबा असाच बघून घेतं. आत मीठ टाकून रातभर खाडीत बुरवायचा. सकालला मीठ सुटं तं डबा खरा." मग जाता जाता म्हणाली, "आनि भरतंस कवा?"

"सकाळी, ऊन व्हायच्या आत जातो."

"मंग वल तूच आत कोंडतंस. भर दुपारी उनात झाकन लाव."

एकतीस वर्षं गॅस्केट मोजणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पावसाळी हवेत, दवाच्या वेळी मी झाकणं लावत होतो आणि गळती शोधत होतो. मी त्या दिवशी बांगडे भाव न करता घेतले. गंगाबाईला वाटलं मला बरं नाही.

मिठाच्या परीक्षेत सातही डबे नापास झाले. कुणाचं मीठ ओलसर, कुणाचं तर पाणी. तेव्हा शशिकला स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि गोधड्यांच्या मागून फिरकीचा तांब्या काढला. पितळेचा, जाड, वर आटे पाडलेलं झाकण. आमच्या लग्नात तिच्या मामाने दिलेला. पूर्वी गावाला जाताना आम्ही यातूनच पाणी न्यायचो. पोटावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. शशिकला हीस मामाकडून. पनवेल. १९७८.'

"हा एसटीत आडवा पडला तरी यातलं पाणी कधी सांडलं नाही," ती म्हणाली. "जे बाहेर जात नाही ते आत कसं येईल?"

स्कूटरच्या ट्यूबचा वॉशर कापून झाकणात बसवला, आत मीठ घातलं आणि तांब्या रात्रभर टबात ठेवला. सकाळी मीठ वाळूसारखं सुटं पडलं.

"मामाची आठवण आहे, टेकडीवर ठेवायची?" मी विचारलं.

"आठवण माळ्यावर ठेवून तरी काय केलं मी?" ती म्हणाली, आणि चिंच भिजत घातली. चार लोकांत जाणारं भांडं घासल्याशिवाय कसं द्यायचं, हा तिचा मुद्दा. तासाभरात तांब्या असा लखलखायला लागला की त्यात मला माझं टक्कल दिसलं. मला ते फार आवडलं. तिथेच आम्ही दोघं चुकलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, डोक्यावर ऊन घेऊन मी टेकडी चढलो. वही, एक शिट्टी, एक भोवरा, कुणीतरी ठेवलेलं परदेशी टपाल तिकीट आणि चार सेफ्टी पिना आत घातल्या, झाकण आवळलं, तांब्या कपारीत सरकवला. संध्याकाळी रिपोर्ट देताना माझा आवाज जरा चढलाच असावा. समृद्धी हसली. "तांब्या? बाबा, तुम्ही ग्रेट आहात."

पुढच्या रविवारी कपार रिकामी होती.

मी गुडघ्यांवर बसून आजूबाजूचा प्रत्येक दगड उलटला. मग तिथेच बसून मनातल्या मनात टेकडीखालच्या कातकरवाडीतल्या झाडून सगळ्यांना चोर ठरवलं. पितळ भंगारात गेलं, असं धरूनच चाललो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

संध्याकाळी फोन आला. "डबा कसा आहे?"

"ठीक आहे."

"कोरडा?"

"एकदम."

"बरं," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही हेच झालं. शशिकला समोर बसून माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

मुदत संपायला आठवडा राहिला होता. मी एकदा शेवटचं बघावं म्हणून पुन्हा चढलो. टेकडीवर गवताची कापणी चालू होती. मी कपारीत हात घालून चाचपत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काय हुडकतंस?"

विळा हातात घेतलेली, पन्नाशीची एक बाई उभी होती.

"तांब्या," मी म्हणालो.

"पितलंचा? नावाचा?"

मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "गवत कापताना चमाकला. मी बोलली, कोनी इसरून गेला. गवत न्यायला येनारे टेंपोवाले बघतील तं भंगारात घालतील, म्हनून घरी नेला. नावाचा भांडा हाय, त्याचा मानूस येनारच. तवाधरनं हितंच काम धरलंय."

तिचं नाव चिंगी. मी तिच्या मागोमाग वाडीत गेलो. तिच्या झोपडीत आढ्याला एक शिंकं टांगलं होतं आणि त्या शिंक्यात माझ्या बायकोचा तांब्या होता. तिने तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी दारातच बसून झाकण फिरवलं. वही कोरडी, शिट्टी, भोवरा, तिकीट, सगळं जागच्या जागी. आणि वर एका स्वच्छ चिंधीत बांधलेली मूठभर नाचणी.

"हे काय?"

"नवी नाचनी. रिकामा भांडा कसा देयाचा?"

"रिकामा कुठे होता? वही होती ना आत."

"वही काय खातंस?" ती म्हणाली. मग पदर पुढे करून एक पिन दाखवली. "ह्यी यक मी घेतली. पदर फाटला व्हता. सांगून ठेवते."

एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. खेळाचा हा नियम समृद्धीने मला चारदा समजावला होता. इथे तो कुणी न सांगता पाळला गेला होता, आणि हिच्या पदरात एक पिन आली तर माझ्या हातात या वर्षाचं नवं धान्य आलं होतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, तेवढा पीळ शिल्लक होता. पण हात जोडले आणि माफी मागितली. कसली, ते तिला कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

हा खेळ काय आहे ते मात्र सांगितलं. मुलगी लांब आहे, तिचा डबा आहे, लोक शोधत येतात, वहीत सही करतात. चिंगीने शांतपणे ऐकलं, चुलीच्या काजळीत अंगठा बुडवला आणि वहीत उठवला. मग तांब्याकडे बघून म्हणाली, "लपवायचा हाय तं घासून कशाला आनतंस?" तिने राख आणि चिखल कालवून तांब्या मनसोक्त माखला. पाच मिनिटांत मामाची भेट दगडासारखी दिसायला लागली. आम्ही दोघांनी जाऊन ती कपारीत खोल ठेवली. नाचणी तेवढी मी घरी आणली, कारण खेळात खाण्याची वस्तू ठेवायला बंदी आहे.

संध्याकाळी फोन वाजला.

"डबा कसा आहे?"

मी सगळं सांगितलं. चमक, गवत, शिंकं, नाचणी, अंगठा. आणि दोन रविवार मी तुझ्याशी खोटं बोललो, हेही सांगितलं.

"माहीत होतं बाबा," समृद्धी म्हणाली. "दोन जणांनी साइटवर लिहिलं होतं, डबा सापडला नाही म्हणून."

"मग विचारत कशाला होतीस?"

"नाही विचारलं तर तुम्ही फोन आईकडे द्याल, म्हणून."

स्वयंपाकघरात शशिकला भाकरी थापत होती. तो आवाज थांबला. मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"समृद्धी, त्या दिवशी नळ बिघडलेला नव्हता."

"तेही माहीत होतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग मीही. नाचणीची एकच भाकरी झाली होती. आम्ही ती अर्धी अर्धी खाल्ली आणि फोन मध्ये टेबलावर तसाच चालू ठेवला.

चिंगी आता सरपणाला गेली की कपारीत हात घालून बघते. मी महिन्यातून एकदा जातो आणि रिकाम्या हाताने जात नाही. गंगाबाईशी अजून भाव करतो, नाही केला तर ती माझ्या तब्येतीची चौकशी करते.

पुढच्या डिसेंबरात समृद्धी आली. विमान दुपारी उतरणार होतं. मी सकाळी आठलाच टॅक्सी बोलावली.

"विमान अर्ध्या वाटेवर तरी आलंय का?" शशिकला चप्पल घालत म्हणाली. मग कान देऊन थांबली. "अहो, बाथरूमचा नळ गळतोय."

खरंच गळत होता. वॉशर गेला होता, आवाजावरूनच मला कळलं. मी खाली बादली ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो.