आबांनी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या आबांना हळू बोलता येत नाही. जन्म गिरणीत गेला, मागाच्या खडखडाटात ओरडून ओरडून घसाच तसा झाला. विक्रोळीची अख्खी चाळ हसते. मीही हसायचे.

माझा धाकटा भाऊ जयवंत डॉक्टर झाला आणि एकच ध्यास घेऊन बसला, हवाईदलात जायचं, वैमानिकांचा डॉक्टर व्हायचं. मुलाखत झाली, निवडही झाली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. घोडं तिथेच अडलं होतं. लहानपणी हा वर्गात बाकावर कमी, बाकाखाली जास्त. मास्तर बडवून थकले. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा द्वाडपणा नाही, आजार आहे. गोळी सुरू झाली तेव्हा कुठे पोरगा पुस्तकात टिकला. ती गोळी अजून चालू होती, आणि गोळीवाल्याला तिथे घेत नाहीत.

"विचारलं तर काय सांगशील रे?"

"माहीत नाही गं ताई. नाही विचारलं तर वाचलो."

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आबांनी देवापुढे नारळ ठेवला. कोकणातली रीतच ती. शुभकामाआधी घरच्या मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. शेजारी जमले. जयवंतला ही वाट दाखवणारे नंदकुमार साहेबही आले, कॉलेजात त्याच्या पुढे होते, आता हवाईदलात डॉक्टर. आबांना काय आनंद झाला! त्यांना पुढ्यातच बसवलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हो तुझो जयवंत, ल्हानपणापासून ह्येचा मन थाऱ्यार नाय. अजून गोळये खाता, तेवां खंय काम करता. उद्याच्या तपासणीत ही गजाल कोणाक कळाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली ओरडली.

अहो आबा, काय केलंत हे!

साहेबांनी जयवंतकडे बघितलं. "अजून घेतोस?"

नाही म्हण रे, मेल्या, नाही म्हण.

"हो सर."

"मग उद्या तूच सांग. नाहीतर मला सांगावं लागेल. मी ऐकलंय."

जयवंतने होकाराची मान हलवली. फोडायला उचललेला नारळ हातात धरून आबा तसेच उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"साहेब, ता मी देवाक सांगितलंय. तुमका नाय."