उताण्या करवंट्या

अम्मच्ची, माझी आई, गेल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि डास औषधालासुद्धा नव्हता. आदल्या दिवशी पंचायतीची माणसं येऊन घराभोवती धूर मारून गेली होती.

"मेल्यावर धूर मारतात," कुंजेली आत्या पाहुण्यांच्या पानांवर केळी ठेवत म्हणाली. "त्रेस्या असताना आले असते तर तिनं चहा तरी पाजला असता त्यांना."

"त्यांचा काय दोष?" कोणीतरी म्हणालं. "दोष त्या तंकप्पनचा. करवंट्या उताण्या टाकून गेला."

मी भात वाढत होते. वाढतच राहिले.

आमच्या मळ्यात रबराची साडेतीनशे झाडं आहेत. प्रत्येक झाडाला तारेच्या कड्यात एक करवंटी, चीक साठायला. जूनचा पाऊस तोंडावर आला की चीक काढणं थांबतं आणि शेवटच्या दिवशी सगळ्या करवंट्या पालथ्या घालायच्या असतात. नाहीतर त्यांत पाणी साठतं आणि दिवसा चावणारे ते पट्ट्यापट्ट्यांचे डास त्यात अंडी घालतात. आमच्या भागात शेंबडं पोरही हे जाणतं. तंकप्पन बावीस वर्षं आमच्या झाडांचा चीक काढत होता. त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पण पालथ्या घालायचं काम आमच्या घरात त्याचं नव्हतंच. ते अम्मच्चीचं आणि माझं. मी सात वर्षांची असल्यापासून एक ओळ तिची, एक माझी. कोण आधी उतारावरच्या ओढ्यापाशी पोचतं ते बघायचं. ती मुद्दाम मागे राहायची आणि मग म्हणायची, "म्हातारी झाले गं मी." तेव्हा ती तिशीची होती.

त्रिशूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावरही काही वर्षं मी त्यासाठी येत असे. मग येईनाशी झाले.

यंदा मेच्या शेवटी तिचा फोन आला. "रोसिलिन, शनिवारी ये. करवंट्या पालथ्या घालायच्यात. माझा गुडघा उतारावर चालत नाही."

"तंकप्पनला सांग ना."

"त्याला कशाला? तू ये. फणस पिकलाय."

मला जायचं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नव्हतं. नुसता कंटाळा होता. पण मी वाचणारी बाई. माझ्याकडे कारण तयार होतं. मी तिला सांगितलं की वळवाच्या तुरळक सरींत डास वाढतात, पण मोसमी पाऊस जोरात लागला की पाणी उतू जातं आणि अळ्या वाहून जातात. "आठ दिवसांत पाऊस येतोय, अम्मच्ची. तो सगळं धुऊन नेईल. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

ती म्हणाली, "तू शिकलेली. तुला ठाऊक."

मी वाचलं होतं ते खरंच होतं. मात्र ते धो धो, न थांबता कोसळणाऱ्या पावसाबद्दल होतं. यंदाचा जून तसा नव्हता. दोन दिवस पाऊस, पाच दिवस ऊन. पुन्हा एक दिवस पाऊस. उतू जाण्याइतकं पाणी कधी आलं नाही आणि सुकायच्या आत पुढची सर यायची. झाडांच्या सावलीत साडेतीनशे करवंट्या कोमट पाण्यानं भरून राहिल्या. डासांनी मागून घेतला असता तरी याहून चांगला पाऊस त्यांना मिळाला नसता. तिसऱ्या आठवड्यात तिला डेंग्यूचा ताप आला. तो उतरला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. महिना संपायच्या आत ती गेली.

दफनाच्या दिवशीच चाच्चननी, माझ्या वडिलांनी, तंकप्पनला फाटकाबाहेर काढलं. तेव्हापासून आसपासचा कुठलाही मळेवाला त्याला झाडाला हात लावू देत नव्हता.

पंगत चालू असताना तो आला. फाटकाबाहेर उभा राहिला, हातात गोणपाटात गुंडाळलेला चीक काढायचा सुरा. आमचा होता, परत द्यायला आणला होता.

"त्याला म्हणावं, अंगणात पाऊल टाकायचं नाही," चाच्चन म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. दार लावून घेतलं.

"चाच्चन, त्याचा दोष नाही. अम्मच्चीनं मला बोलावलं होतं. मी आले नाही. पाऊस धुऊन नेईल म्हणून मीच तिला सांगितलं."

ते तिच्या पलंगावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"फोन ठेवल्यावर तिनं मलाच सांगितलं. हसत होती. म्हणाली, पोरगी आता पावसालाही कामाला लावते."

"मग तंकप्पनला का..."

"मग कोणाला?" त्यांचा आवाज चढला नाही. "तू एकच आहेस मला. तुझ्यावर राग धरला तर उरलेली वर्षं कोणाकडे बघून काढू? त्याच्यावर धरता येतो. धरू दे."

मी बाहेर आले. फाटकापर्यंत गेले. तंकप्पननं सुरा पुढे केला.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. "तिनंच नको म्हटलं होतं ना?"

"म्हणाली, तंकप्पा, तू जा, शनिवारी माझी रोसिलिन येतेय, आम्ही दोघी करू." त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "आता मेलेल्या बाईचं नाव पुढे करून पोटाचं बघू का, पोरी?"

मी वळले आणि ओट्यावर चढून सगळ्यांसमोर बोलले. फोनपासून पावसापर्यंत, काही न गाळता. आवाज नीट होता. एकही शब्द अडखळला नाही. कदाचित तेच चुकलं.

मग कुंजेली आत्या उठली आणि तिनं मला जवळ घेतलं. "बघा, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. एकेचाळीस दिवस डोळ्याला डोळा नाही. आपल्या अंगावर ओढून घेतेय बिचारी."

"आत्या, मी खरं सांगतेय."

"हो गं बाई, खरं. चल, दोन घास खा."

"आईवर फार जीव," कोणीतरी म्हणालं. पाद्री मान डोलावत होते. आतल्या खोलीचं दार उघडलं नाही. फाटकाशी पाहिलं तर सुरा खांबाला टेकवून ठेवलेला होता आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

पंचायतीच्या माणसांनी घराजवळच्या चार ओळी पालथ्या घातल्या होत्या. मागच्या उताराकडे कोणी फिरकलंच नव्हतं. मी साडी खोचली आणि वरून सुरुवात केली. पहिली करवंटी काळ्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. त्यात अळ्या वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या. ओतली, पालथी घालून कड्यात बसवली. मग दुसरी. घरातून भांड्यांचे आवाज येत होते, मग तेही थांबले.

माझी ओळ संपली. तिची सुरू केली.

निम्म्यावर आले तेव्हा पाऊस लागला. मोठा, सरळ, पानांतून फुटून खाली येणारा. थोड्याच वेळात उतारावर पाण्याचे पाट वाहू लागले. अजून उताण्या असलेल्या करवंट्या माझ्या डोळ्यांदेखत भरून उतू जायला लागल्या आणि आतलं सगळं वाहून जाऊ लागलं. अगदी मी तिला सांगितलं होतं तसंच.