वहीतली आया

तापातून उठलेल्या तुळसाबाईच्या अंगात नुसती हाडं उरली होती. वैद्यानं हवापालट सांगितला आणि महिपतनं ठरवलं, आयेला ठाण्याच्या खाडीकाठच्या नव्या हॉटेलात न्यायचं. कल्याणकडच्या त्यांच्या आगरी गावात मिठागरं आणि भाताची खाचरं मिळून त्याच्याएवढा मातबर दुसरा नव्हता. तरी जिथं साहेबलोक उतरतात तिथं आपण उतरायचं, या धास्तीनं त्याचं जेवणावरचं मन उडालं होतं.

ओहोटीबरोबर पंढरी तांडेलानं हाकलेला मचवा ठाण्याच्या बंदराला लागला. पुढं नव्या कोटातला महिपत, मागं बायको सगुणा, तिच्या कडेवर चार वर्षांची शकू, आणि शेवटी गुडघ्यावर हात टेकत तुळसाबाई. लुगडं जुनंच, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नवं नेसायला तिनं साफ नकार दिला होता.

हॉटेलाची फरशी बघून तिनं वहाणा काढून हातात घेतल्या. वेताच्या खुर्चीत मीठखात्यातला एक गोरा साहेब वर्तमानपत्र वाचत बसला होता. महिपतला ओळखून त्यानं मान हलवली. महिपत ताठ झाला.

मेजामागच्या कारकुनानं जाड वही उघडली. महिपतनं आपलं नाव सांगितलं, बायकोचं, मुलीचं. कारकुनानं टाकाचं टोक तुळसाबाईकडे केलं.

“आणि ही?”

“आय,” महिपत म्हणाला. साहेबाच्या कानावर जाऊ नये इतक्या हळू.

“आया. बरं. आयांची खोली मागं, स्वैपाकघराजवळ.”

महिपतनं साहेबाकडे चोरून बघितलं. सगुणानं त्याला कोपरानं ढोसलं. “अवं, सांगा ना त्याला!”

तो वहीकडे बघत राहिला. तुळसाबाईनं आपलं गाठोडं उचललं आणि हमालामागून चालू लागली.

वरच्या खोलीत मच्छरदाणीचा पलंग होता, माणूसभर आरसा होता. सगुणानं ट्रंक उघडलीच नाही. “कोनासाठी आलो आपन इथं?” एवढंच ती म्हणाली. महिपतला आरशासमोर उभं राहवेना. तो खाली धावला.

तुळसाबाई मागच्या पायरीवर बसली होती. शेजारी कुणा मडमेची आया, गोदूबाई, तिला पाणी देत होती.

“आये, वर चल. चूक झाली.”

“कारकुनाची?” तिनं विचारलं.

महिपतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच पुढच्या दालनात गेला आणि साहेबाच्या देखत, अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असा म्हणाला, “ती आया नाय, माझी आय हाय! तुळसाबाई! लिवा!”

कारकुनानं घाबरून ओळ खोडली, नाव लिहिलं, माफी मागितली. साहेबानं मान वर केली आणि पुन्हा वर्तमानपत्रात घातली. एवढंच. ज्याला तो भ्याला होता ते एवढंच होतं.

पण तुळसाबाई वर आली नाही. “मना घरी ने,” म्हणाली.

दुपारी भरती लागली तशी सगळी बंदरावर परतली. महिपत कमरेएवढ्या पाण्यात उतरला, आयेला मचव्यात चढवायला त्यानं हात पुढं केला. तुळसाबाई क्षणभर थांबली. मग तिनं पंढरी तांडेलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि वर चढली. महिपतचा हात तसाच राहिला.

सगुणानं शकूला त्याच्या हातात दिलं.