अडतीस घरं, चार कॅमेरे

आमच्या गल्लीचा आरटी व्हायला कुणी तयार नसतं. आरटी म्हणजे अडतीस घरांचा प्रमुख. दाखल्यांवर शिक्के मारायचे, मयताला खुर्च्या गोळा करायच्या, गटार तुंबलं की नगरपालिकेच्या वाट्याच्या शिव्या आपण खायच्या. पगार नाही. निवड एकमताने होते, म्हणजे सभेला जो हजर नसतो त्याच्यावर एकमत होतं. पहिल्या वेळी मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. दुसऱ्या वेळी मुद्दाम हजर राहिलो, तर लोक म्हणाले, यांना अनुभव आहे. आता तिसरी खेप चालू आहे.

रोज्याच्या महिन्याच्या बऱ्याच आधी बू तुमिराहची मोटारसायकल चोरीला गेली. आमच्याकडे बाईच्या नावाआधी बू लावतात, पुरुषाच्या नावाआधी पाक. बाई भाजी विकते. पहाटे दोनला उठून घाऊक बाजार गाठायचा, उजाडताना परतायचं आणि गाडीच्या दोन्ही अंगांना टोपल्या लटकवून दहापर्यंत गल्ल्या पालथ्या घालायच्या. तिने जुनीच दुसरी गाडी घेतली आणि माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"पाक आरटी, ही गेली तर मी संपले. अठ्ठावन्न वर्षांची झाले. टोपली पाठीला बांधून हिंडायचं वय गेलं माझं."

"पोलिसात सांगून ठेवू या का?"

"मागच्या वेळी सांगितलं की. त्यांनी चहा पाजला. चांगला होता."

रात्रीची गस्त आमच्याकडे आहे. प्रत्येक दाराशी एक डबी टांगलेली असते, तीत घरधनीण मूठभर तांदूळ टाकते आणि गस्तवाले ते गोळा करत फिरतात. तेवढ्याने चोर बिचकावेत अशी कल्पना. प्रत्यक्षात तांदूळ गोळा झाले की गस्त संपते. वीस मिनिटं लागतात. हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे, चोरांना नसेल कशावरून? पण तांदूळ विकून काही वर्षांत गाठीला थोडं जमलं होतं आणि त्यात दुकानातले सर्वांत स्वस्त चार कॅमेरे बसत होते.

ते कुठे लावायचे यासाठी रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर सभा झाली. सोयाबीनचं तळलेलं तेंपे होतं, म्हणून हजेरी उत्तम होती.

"कॅमेरा हवाच," खजिनदार पाक हार्यांतो म्हणाले. हे निवृत्त कारकून, बू तुमिराहच्या समोर राहतात. "फक्त आमच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे नको."

"माझ्या दाराकडेही नको," विधुर पाक सुगेंग म्हणाले. "मंगळवारी मालिशवाली येते. गुडघा धरलाय."

"दर मंगळवारी धरतो का हो?" मागून एका बाईचा आवाज आला.

"वय झालं की धरतो, बू."

गल्लीमागच्या केळीच्या बागेवर कॅमेरा नको, असं सगळे पुरुष एकाच सुरात म्हणाले. बायकांनी कारण विचारलं नाही. सिगारेटी कुठे ओढल्या जातात ते त्यांना वासावरून कळत होतं.

आमच्यात मत टाकत नाहीत. एकाचंही मन मोडायचं नाही, सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत चहा प्यायचा. त्यामुळे प्रत्येक कॅमेरा थोडा थोडा वळत गेला. पहिला गल्लीच्या कमानीवरच्या रंगाकडे बघू लागला, दुसरा मशिदीच्या पाण्याच्या टाकीकडे. तिसऱ्याने ढगांवर बारीक नजर ठेवली. चौथा हार्यांतोंचं न्हाणीघर चुकवता चुकवता इतका वळला की थेट बू तुमिराहच्या गाडीवर जाऊन थांबला. चारांतला हा एक चुकून योग्य जागी लागला.

"बरं झालं," बू तुमिराह म्हणाली. "आता दुपारी डोळा लागेल."

डोळा लागला, आणि चौथ्या शुक्रवारी भर दुपारी गाडी गेली. पुरुष नमाजाला गेले होते, ती पहाटे दोनपासून राबून झोपली होती. गस्त रात्रीची असल्यामुळे दुपारच्या चोरीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

संध्याकाळी माझ्या टीव्हीवर चित्रण लावलं. बघायला चौघे होतो: मी, खजिनदार म्हणून हार्यांतो, गल्लीचा राखणदार वागियो आणि बू तुमिराह. बारा वाजून वीस मिनिटांनी एक माणूस फाटकातून आत आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडेही पाहिलं. कॅमेरे सगळे भलतीकडेच बघतात हे त्याने घरी ऐकलं असावं. गाडी ढकलत तो वळला तेव्हा पाठ दिसली. अंगात आमच्या स्वातंत्र्यदिन समितीचा लाल सदरा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत 'सुरक्षा विभाग' असं छापलेलं होतं.

हार्यांतोंचा मोठा मुलगा गालिह. वय एकतीस. कारखान्यातून काढल्यापासून घरी असतो, फोनवर जुगार खेळतो.

पंखा फिरत होता. शेवटी वागियो खाकरला.

"स्वस्तातला माल, पाक. काय दिसणार त्यात?"

"हं," मी म्हणालो. "धूसरच आहे."

चित्र इतकं स्वच्छ होतं की गालिहच्या चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याचे धागे मोजून घ्यावेत. हार्यांतो चहाच्या पेल्यात बघत होते. पेला रिकामा होता.

"पुन्हा लावा," बू तुमिराह म्हणाली.

पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मी तिच्याकडे पाहत होतो. तिने नाव घेतलं असतं तर मला लिहून घ्यावं लागलं असतं, आणि समोरासमोरच्या त्या दोन घरांत पुढची तीस वर्षं मी शिक्के घेऊन मधे उभा राहिलो असतो. नाव नसतं घेतलं तर बाई उद्यापासून पायी.

"कुणीतरी उंच दिसतोय," ती म्हणाली. गालिह माझ्या खांद्याला लागतो.

"हो ना," वागियो सुटल्यासारखा म्हणाला. "उंचच आहे. परगावचा."

बू तुमिराह उठली, पदराने तोंड पुसलं आणि दाराशी थांबली.

"पाक हार्यांतो, तुमच्या मंडळींना, बू रात्मीला, निरोप सांगाल? सोमवारी तुमच्या आईला जाऊन हजारावा दिवस ना, त्याचं जेवण. शेंगा, नारळ, फणस, सगळं मी आणायचं ठरलंय. आता गाडी नाही, कसं आणू? आणि चारशे माणसं जेवायला येणार. ती माणसं विचारणारच, भाजी का नाही म्हणून. मला खोटं बोलता येत नाही हो. फार तर उंची चुकते."

हार्यांतोंनी मान हलवली. जाताना त्यांच्या चपला उलट्या पायांत होत्या.

रविवारी पहाटे गाडी राखणदाराच्या चौकीला टेकून उभी होती. धुतलेली, टाकी भरलेली, किल्ली जागेवर. टोपल्या अडकवायचा सांगाडा तेवढा नव्हता. तो कापून भंगारात गेला असावा.

दुपारी हार्यांतो माझ्याकडे आले. मुलाबद्दल एक शब्द काढला नाही. "ते चित्रण," म्हणाले, "आता कशाला ठेवायचं? जागा अडते."

मी बू तुमिराहला विचारायला गेलो. ती शेंगांच्या जुड्या बांधत होती.

"तुमच्या त्या पेटीला किती दिवसांचं आठवतं, पाक आरटी?"

"सात. मग ती स्वतःच जुन्यावर नवं चढवते. स्वस्तातली आहे."

"मग राहू दे सात दिवस. आठव्या दिवशी मीही विसरेन. तोवर सांगाडा नाही, टोपल्या कुणीतरी धरायला हव्यात. त्या उंच माणसाला सांगा, पहाटे दोनला यायचं."

गालिह आला. हजाराव्या दिवसासाठी नारळाची पोती त्यानेच उतरवली. चारशे माणसं जेवली आणि मुलगा किती कामसू आहे म्हणून त्याच्या आईपाशी कौतुक करून गेली. बू रात्मी तेवढ्यापुरती उठून आत गेली. रोज पहाटे तो बू तुमिराहच्या मागे टोपल्या धरून बसायचा. दोघं बोलत नसत, असं वागियो सांगतो.

महिनाअखेरीच्या अहवालात मी लिहिलं: कॅमेरे बसवल्यापासून चोरीची एकही तक्रार नाही. ते खरंच होतं, कारण तक्रार कुणी केलीच नव्हती. वॉर्डाच्या साहेबांनी आमची योजना शेजारच्या तीन गल्ल्यांना दाखवली. ती माणसं कॅमेरे बघायला आली, ढगांकडे रोखलेल्या कॅमेऱ्याखाली उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि कमी खर्चात हे कसं जमलं, असं मला विचारलं. सगळ्यांच्या संमतीने, असं मी सांगितलं.

आठव्या दिवशी गालिह आला नव्हता. बू तुमिराह दहा मिनिटं फाटकाशी थांबली, मग टोपल्या स्वतःच बांधून निघाली, आणि बाजारातून येताना एक जाड साखळी घेऊन आली.