माह्या नावावर यास्मीनचं मेडल

पंचवीस वर्सं मी एक गोष्ट पोटात ठेवून राह्यली. आज सांगतो. मंग मले काय म्हनायचं ते म्हना.

आम्ही दोघी धाड गावच्या, एकाच वर्गातल्या. यास्मीनचा बाप, शकूरचाचा, सायकलीचे पंक्चर काढे. फौजेत असताना तो बॉक्सिंग शिकला व्हता. दुकानामागं त्यानं सरकीचं पोतं निंबाले टांगलं आन पोरीले ठोसे मारायले लावलं. यास्मीन असे मारे, का पोतं उसवून सरकी खाली सांडे.

तवा पोरींची बॉक्सिंग नवीनच निंघाली व्हती. राज्याच्या स्पर्धेले आपल्या जिल्ह्यातून एक बी पोरगी नाई. पन यास्मीनचं नाव पेपरात आलं असतं तं तिची सोयरीक मोडली असती. चाचीनं तं जेवनच सोडलं. मंग चाचानं डोकं लढवलं. शाळेचा दाखला माहा, नाव माहं, ठोसे यास्मीनचे. अन् तिनं गोल्ड आनलं, बाप्पा! एस.टी.तून उतरली तवा डोळा सुजेल, तरी हासून राह्यली व्हती.

"सर्टिफिकेट तूच ठेव," म्हने. "मले घरी नेता येत नाई."

पुढं खेळाडूच्या कोट्यातून त्याच सर्टिफिकेटवर मले सरकारी नोकरी लागली. यास्मीननंच पयला पेढा माह्या तोंडात कोंबला. अशी बाई! आन मी मेली गपचूप खाऊन बसली.

यंदा एका क्रीडा मंडळाले जुन्या खेळाडूंची याद आली. जिल्ह्यातली पयली महिला बॉक्सर म्हून माहा सत्कार ठरला. दोन दिवस आधी यास्मीन घरी आली.

"कोकिळे, माही अलीजा बॉक्सिंग शिकून राह्यली," ती म्हनाली. "तिले सांगतलं, मी गोल्ड मारेल हाय. हासली वं ती. म्हने, अम्मी, फेकू नको. आता माहे अब्बा बी नाईत सांगायले. तू एकडाव तिले सांग ना. बाकी मले कायीच नको."

"हाव, सांगतो," मी म्हनली. खरंच सांगनार व्हती.

सत्कार झाला. अंगावर शाल, बाजूले आमचे हाफिसातले साहेब. तेवढ्यात अलीजा आली, मोबाइल समोर धरला. मागं यास्मीन, नवी ओढनी घेऊन.

"खाला, अम्मी म्हन्ते ते मेडल तिचं हाय. खरं काय ते सांगा, मी व्हिडिओ काढतो."

साहेब माह्याकडे पाहून राह्यले. नोकरी जाईन, केस होईन, सारं एका दमात डोक्यात आलं.

"माहंच हाय बाई," मी म्हनली.

अलीजा मागं वळली. "अम्मी, फेकलीच ना तू?"

यास्मीननं माह्याकडे पाह्यलं. रागावली असती तं बरं झालं असतं.

"हाव बेटा," ती म्हनाली. "मजाक केली."

आता दर ऐतवारी अलीजा माह्या घरी येते, खाला, ठोसा शिकवा म्हन्ते. यास्मीनच तिले पाठवते.