लोकरीच्या शेडमधल्या फळ्या

मंगळवारी सकाळी बारावीतल्या ब्राइडीनं तिचं टेबल उलटं करायला म्हणून उचललं, आणि एक पाय खालीच राहिला. टेबल तिच्या हातात, पाय जमिनीवर ताठ उभा. वर्गातली पोरं हसली. मी एकेकाकडे असं पाहिलं की परत आपापल्या रंध्याला लागली.

सव्वीस वर्षं मी या शाळेत सुतारकाम शिकवते. गावात मला सगळे गेल म्हणतात, पोरं मिस म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझा एकच तोरा आहे, तो म्हणजे लाकूड मला कळतं. तर तो पाय मी निरखून पाहिला. त्याचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, अगदी नेटकं कापलेलं होतं. त्यावरचा सरस मात्र दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटून आला. दुसरा पाय मी तिला हलवून बघायला सांगितला. तोही आला.

"शुक्रवारी तीनला बंद ना, मिस?" ब्राइडीनं विचारलं.

"तीनला."

बारावीचं हे काम शुक्रवारी तीन वाजता जिथं असेल तिथं थांबतं. नंतर परीक्षक येऊन मार्क देतात. मार्कांचं तिला फारसं नव्हतंच. डबो शहरातल्या एका फर्निचरवाल्यानं सांगितलं होतं, टेबल बघतो आणि मग शिकाऊ म्हणून घ्यायचं का ते ठरवतो. तो शनिवारी येणार होता. आमच्या गावात सतरा वर्षांच्या मुलीला असं विचारणारा माणूस दर साली येत नाही. पाय सुटलेलं टेबल त्याला दाखवून काय करणार होती ती?

आणि मला हात लावायची बंदी. नियम असा, की शिक्षकानं तोंडानं सांगावं, बोटही लावू नये. कुणी काय केलं ते सगळं मुलांनी फाइलमध्ये लिहायचं, चुकांसकट. वर्षभर मी हेच त्यांच्या डोक्यात ठोकत असते.

बुधवारी तिचा बाप आला. डेस आणि मी शाळेत एकाच वर्गात होतो एके काळी. एकवीस वर्षं त्यानं एकाच शेडमध्ये मेंढ्यांची लोकर कातरली, कंबर गेली तेव्हा थांबला. गेल्या साली ती शेड पाडली, तिच्या जमिनीच्या फळ्या ब्राइडीनं मागून आणल्या. बापाच्या पायाखालच्या फळ्यांचं टेबल, तेही घरात जेवायला. तिनं विचारलं तेव्हा मीही भारावले होते. तिच्या फाइलमध्ये मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तम निवड'.

डेसनं सुटलेला पाय नाकाशी नेला. अंगठा फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली.

"गेल, यात अजून मेंढी आहे."

"काय?"

"लोकरीचं तेल. सत्तर वर्षं मुरलंय. वरून रंधलं तरी आत आहेच. यावर सरस धरेल होय? तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कोण सांगणार? सांगायचं तर मीच होते. मी बेकरीवाल्याची मुलगी, लोकरीच्या शेडमध्ये जन्मात दोनदा गेलेली. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

"त्या शेडला सरस लावलाच नव्हता," जाता जाता डेस म्हणाला. "लाकडी खुंट्या होत्या नुसत्या." मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला तेव्हा फक्त माझी लाज दिसत होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हात लावलाच. एक सांधा स्पिरिटनं तीनदा पुसला, दुसऱ्या जातीचा सरस लावला, सांधा दाबून धरायला शिकंजा आवळला. फक्त एक पाय, बघायला, असं स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. धरला असता तर उरलेले तीनही मी केले असते.

गुरुवारी ब्राइडी माझ्या आधी आली होती. शिकंजा सोडून बाजूला ठेवला होता आणि मोगरीनं ती पाय ठोकत होती. सहज निघेना. मी दारातच थांबले.

"हे मी केलेलं नाही, मिस," ती मान वर न करता म्हणाली.

"धरलंय ते, ब्राइडी. पक्कं धरलंय."

"कळतंय. म्हणून तर निघत नाहीये."

शेवटी निघाला. ती माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "आयर्नबार्कच्या टणक लाकडाचा जुना खांब मागे पडलाय, तो घेऊ?" बापाचं बोलणं तिनं ऐकलं होतं, मी सोडलं होतं ते. त्या खांबातून तिनं खुंट्या तासल्या, पायाला दोन, अशा आठ. भोकं एकमेकांना जरा चुकवून पाडली, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा ओढून घेते. एवढं मी सांगितलं, तोंडानं. दोन खुंट्या फुटल्या, पुन्हा तासल्या. मी हात मागे बांधून उभी होते, आणि खरं सांगते, इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

शुक्रवारी पावणेतीनला शेवटची खुंटी बसली. तिनं फाइल माझ्यापुढे ठेवली. काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे, या ओळीखाली मी सही करायची असते. त्याआधीचं पान मी वाचलं.

'फळ्यांची निवड माझी. तेलाचा विचार केला नाही, ही माझी चूक.' माझी लाल शाई त्यात कुठेच नव्हती. त्याखाली, 'बुधवारी एक पाय मिसनी चिकटवला. चांगला चिकटवला होता. मी काढला.'

वरच्या वाक्याच्या शेजारी मी लिहिलं, 'निवड मी मंजूर केली होती, चूक माझीही.' खालच्याला हात लावला नाही. मुख्याध्यापक विचारतील तेव्हा विचारोत. मग सही केली, तारीख घातली. डोळे भरून आले होते, ते मी भुशावर ढकललं.

घंटा झाली. टेबल हॉलमध्ये न्यायचं होतं. ब्राइडीनं एक बाजू धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आता हात लावू?" मी विचारलं.

"लावा की, मिस. तीन वाजून गेले."

आम्ही दोघींनी ते उचललं. चारही पाय सोबत आले.